दहा हातांवरची तपासणी

"हिलाही मार एक," साहेब म्हणाला.

शिपायाला आधी कळलंच नाही. तो फडक्यानं शिक्का पुसत उभा होता.

"अरे, या पोरीला. कपाळावर. नापासाचा."

मग कळलं. शिपाई हसला. त्यानं चौकोनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला, डाव्या हातानं माझी हनुवटी वर केली आणि शिक्का माझ्या कपाळावर टेकवला. बकऱ्याच्या मांडीवर मारतात तसाच. दाबून, जरासा हलवून. म्हणजे अक्षरं नीट उठतात.

भोरचा बाजार होता. सकाळची वेळ, माणसांची ही गर्दी. उत्रोलीचे तांदूळ घेऊन आलेले, वेल्ह्याकडचे घोंगड्या घेऊन आलेले, गावातल्या मोठ्या घरांचे गडी, सगळे होते. सगळे हसले. कुणी मोठ्यानं, कुणी तोंडाला उपरणं लावून. पण हसले. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटत होतं, यातलं कुणीतरी एक हसणार नाही. त्या एकाला मी शोधत होते. मग मी आईकडं बघितलं.

आई हात जोडून हसत होती.

"लेकरू हाय सायेब," ती म्हणत होती, "चुकलं तिचं." म्हणत होती आणि हसत होती.

मी तेव्हा दुसरीत होते. नापास हा शब्द मला वाचता येत होता. आपलं कपाळ आपल्याला दिसत नाही. तरी माझ्या कपाळावर काय लिहिलंय हे मला ठाऊक होतं. तो शिक्का मी रोज बघत होते.

आता माझी चूक काय ते सांगते.

आम्ही खाटीक. भोरमध्ये नीरेच्या अंगाला मटणाची ओळ होती. वर पत्रे, खाली फरशी, त्यातलं एक दुकान आमचं. दुकान म्हणायचं आपलं. एक लाकडी ठोकळा, वर टांगायचे आकडे आणि बापाच्या सुऱ्या. शेजारी रहीमचाचांचा ठोकळा. ओळीच्या टोकाला बायका टोपल्या घेऊन बसायच्या. मुंडी, पाय, पोटा-आतड्यांची वजडी विकायला. संस्थानच्या कचेरीचा नियम होता की तपासल्याशिवाय मटण विकायचं नाही. तपासायचं साहेबानं. काळीज, फोपसं हातात घेऊन दाबून बघायचं, गाठ आहे का, कीड आहे का बघायचं, वास घ्यायचा, आणि मग स्वतःच्या हातानं शिक्का मारायचा. गोल शिक्का पासाचा. चौकोनी नापासाचा. नापास मालावर फिनेल ओतायचं. नियमात खोट नव्हती. नासकं खाऊन माणूस मरतो हे खाटकाला कुणी शिकवायला नको.

पण साहेब मांसाला हात लावत नव्हता.

त्याचं घर सोवळ्यातलं. पुण्याला जाऊन कसलीशी परीक्षा दिलेली, कचेरीत नातेवाईक, म्हणून नोकरी मिळाली. नोकरी मांस तपासायची आणि मांस बघितलं की हा तोंड फिरवायचा. पगार तेवढा सोवळ्यात चालत होता. बाजार त्याला 'ते' म्हणायचा. साहेब आले, साहेब गेले. मी 'तो' म्हणते. ज्याला पटत नसेल त्यानं पुढं ऐकू नये.

तर त्यानं एक रीत पाडली होती. वारा ज्या बाजूनं येईल त्या बाजूला तो उभा राहायचा, आमच्यापासून दहा हात लांब. नाकाला रुमाल. हातात पितळी टोकाची काठी. काठी उचलून विचारायचा, "ते काय टांगलंय? बरं. पास." मग शिपाई शिक्का आमच्या ठोकळ्यावर टाकायचा आणि खाटकानं आपल्या हातानं आपल्याच मालावर मारायचा. मारून झाला की शिक्का पाण्याच्या डब्यात टाकायचा. हातात द्यायचा नाही. शिपाई तो डब्यातून काढून, पुसून, पुढच्या ठोकळ्यावर न्यायचा. अशी सगळी ओळ व्हायची. घरी गेल्यावर साहेब अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करायचा म्हणे.

म्हणजे काम सगळं आम्ही करायचं. तपासणी त्याची.

आणि दहा हातांवरून काय दिसतं? ज्याच्याकडचं मटण मोठ्या घरी जायचं त्याच्या ठोकळ्यासमोर काठीसुद्धा उचलायची नाही. चालता चालता पास. टोपलीवाल्या बायकांच्या वाट्याला मात्र दर बाजारी फिनेल. वजडी बघून त्याला किळस यायची, दुसरं कारण नाही. नदीवर चुना लावून, घासून, पाण्यात आपटून पांढरीशुभ्र केलेली वजडी. मटण ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरी ती शिजायची. शिपाई बाटली उपडी करायचा आणि त्या घरांचं त्या दिवसाचं कालवण संपायचं. बायका टोपली उचलून नदीकडं चालू लागत.

त्या दिवशी बाप बकरी आणायला वेल्ह्याच्या बाजूला गेला होता. ठोकळ्यावर आई. शाळेला सुट्टी म्हणून मी तिच्या मदतीला. साहेब आला, काठी उचलली, पास म्हणाला. आईनं शिक्का मारला. तिचे दोन्ही हात चरबीनं माखलेले. तिनं शिक्का माझ्यापुढं केला.

"डब्यात टाक गं," म्हणाली.

डबा माझ्या पायाशीच होता. पण शाळेत मास्तरांनी आम्हाला शिकवलं होतं. मोठ्या माणसाला वस्तू टाकून द्यायची नाही. जवळ जायचं आणि उजव्या हातानं, हातात द्यायची. मास्तरांनी ते सगळ्या वर्गाला शिकवलं होतं. त्यातलं कुणाला लागू आणि कुणाला नाही, ते सांगायचं राहिलं असेल. मी शिक्का परकराला पुसला. ते दहा हात चालत गेले. आणि साहेबाच्या हातात दिला. शाबासकी मिळेल असं वाटत होतं मला.

माझी बोटं त्याच्या बोटांना लागली.

त्यानं हात असा झटकला की शिक्का उडून धुळीत पडला. कोटाच्या बाहीवर जांभळा डाग पडला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी विसरलेही असते. त्यानं रुमालानं एक एक बोट पुसलं, रुमाल तिथंच टाकून दिला, आणि अगदी शांतपणे, घरी पान मागावं तसं, शिपायाला म्हणाला. काय म्हणाला ते सांगितलंच आहे.

घरी आल्यावर आईनं मला चुलीपुढं बसवलं आणि राखेनं कपाळ घासलं. ती शाई मांसासाठी केलेली. पाण्यानं जाऊ नये अशीच. मग रॉकेल. मग विटेचा तुकडा. मी ओरडत होते आणि ती घासत होती. शाईबरोबर कातडं निघालं. त्याची जखम झाली, चिघळली, भरली. शाई गेली, वण राहिला. अजून आहे. चौकोनी नाही आता, पण कुणी विचारलं तर मी चौकोनीच सांगते.

"तू का हसलीस?" मी आईला विचारलं.

तिनं विटेचा तुकडा चुलीमागं टाकला. म्हणाली, "न्हाई हसले आसते तर दुकान गेलं आसतं."

तिचं खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला तिचा राग आला. त्या वयात साहेबाचा राग करता येत नव्हता, तो फार लांब होता. आई जवळ होती. कितीतरी वर्षं मी माझा सगळा राग तिच्यावर काढला. हेही साहेबाच्या खात्यावर.

शाळेत गेले तर पोरांना बाजारातली गोष्ट माझ्याआधी पोचलेली. नापास आली, नापास आली. परीक्षा व्हायची होती अजून. मास्तरही एकदा बोलून गेले, "तुझा निकाल तर लागलाय." वर्ग हसला. ज्यांनी मला वस्तू हातात द्यायला शिकवलं तेच मास्तर. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही.

नाव मात्र चिकटलं. माझं खरं नाव बाजारात कुणाला आठवेना. गिऱ्हाईक विचारायचं, नापासच्या दुकानात काळीज आहे का. भोंगवलीचं एक स्थळ आलं होतं, बघून पसंत करून गेले. परत जाताना बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं, हिच्यावर तर सरकारी शिक्का आहे. पुन्हा आले नाहीत. बापाला मुलगा नव्हता. शेवटी वेल्ह्याकडचा एक मुलगा घरजावई म्हणून यायला तयार झाला. शेरडं राखणाऱ्या घरातला. त्यानं ते नाव ऐकलेलं नव्हतं. लग्नानंतर त्यानं वण बघून विचारलं, मी सगळं सांगितलं. पोळलेल्या जागेवर बोट ठेवावं इतक्या हळू तो बोलायचा.

"मंग तू काय केलंस?" तो म्हणाला.

"काय करनार? बारकी व्हते मी."

"न्हाई, आपलं इच्यारलं."

एवढंच. पण तो प्रश्न माझ्यात राहिला. लहान होते हे खरं. आता कुठं लहान होते? बाप गेल्यावर ठोकळ्यावर मीच उभी राहत होते. तोच साहेब यायचा, आता केस पांढरे झालेले, तोच रुमाल, तीच काठी. तोच शिपाई. "पास," तो दहा हातांवरून म्हणायचा, आणि मी माझ्या हातानं शिक्का उचलून मारायचे आणि डब्यात टाकायचे. वर्षानुवर्षं. माझ्या कपाळावर ज्याचा शिक्का, त्याचंच काम मी फुकट करत होते. शिक्का हातात घेतला की वण खाजायचा. खोटं नाही सांगत.

मग तो दिवस आला.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. पुण्याहून कुणी मोठा गोरा साहेब वेल्ह्याच्या रानात शिकारीला आलेला, बरोबर पाहुणे, त्यांचा डाक्टर. त्या रात्रीचं मोठं जेवण भोरच्या बंगल्यावर होतं. सकाळी त्यांचा बटलर आमच्या ओळीत आला. पुण्याच्या लष्कर भागातला माणूस, पांढरे कपडे, पायात बूट. बाहेर मोटार उभी. त्यानं सगळी ओळ फिरून बघितली आणि माझ्या ठोकळ्यापुढं थांबला. माझ्या नवऱ्यानं निवडून आणलेली दोन बकरी टांगलेली होती. बटलरनं दोन्ही बकरी बघितली, मान हलवली.

"इसको शिक्का लगवाओ," तो म्हणाला. "डाक्टरसाब का हुकूम है. शिक्का नहीं तो मटण नहीं."

तेवढ्यात साहेब आलाच. बटलर आणि मोटार बघून त्यानं कोट नीट केला. बाजार नेहमीसारखा गोळा झालेला. बटलर मला काहीतरी विचारायला लागला, तसा शिपाई पुढं झाला.

"तिला काय इच्यारता? ती नापास हाय," तो म्हणाला आणि नेहमीसारखा हसला. बाजारही हसला. जुनीच गंमत, सवयीनं हसले.

साहेबही हसला. मग त्यानं शिपायाकडं वळून विचारलं, "नापास का म्हणतात रे हिला?"

मी ते ऐकलं. नीट ऐकलं. त्यानं खरंच विचारलं होतं. त्याला ठाऊक नव्हतं. माझी शाळा गेली, माझं नाव गेलं, आईचं आणि माझं नातं नासलं, आणि त्याला आठवतसुद्धा नव्हतं. रुमाल टाकून दिला, तसं तेही तिथंच टाकून तो घरी गेला होता.

तोपर्यंत मला वाटायचं की मला त्याचा राग आहे. राग काय असतो ते मला त्या क्षणी कळलं. डोकं तापलं नाही. उलट थंड झालं. हात अगदी स्थिर.

"पास," तो म्हणाला. शिपायानं शिक्का माझ्या ठोकळ्यावर टाकला.

मी तो उचलला नाही. हात पदराला पुसले आणि मागं बांधले.

"मार की गं," शिपाई म्हणाला.

"शिक्का सायबाचा हाय," मी म्हणाले. "सायबानं मारायचा."

"रोज कोण मारतं?" साहेब लांबून म्हणाला.

"रोज आमी मारतो. आजपसनं न्हाई. जवळ या, हातात घिऊन बगा, आन् मारा."

साहेबानं मान हलवून शिपायाला खूण केली. शिपायानं फिनेलची बाटली काढली.

"वता," मी म्हणाले. "समद्यावर वता. मंग बंगल्यावर रातच्याला काय शिजवायचं ते ह्या बटलरला सांगा."

बाटली तशीच राहिली. साहेब शेजारच्या ठोकळ्याकडं वळला. रहीमचाचा. चाचांनी आयुष्यभर कुणाला उलट शब्द दिला नव्हता. त्यांनी सुरी पुसली, खाली ठेवली आणि तेही हात मागं बांधून उभे राहिले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या पलीकडचा पण तसाच. मी कुणाशी काही ठरवलं नव्हतं. प्रत्येकाला आपापलं काहीतरी आठवलं असेल. ओळीच्या टोकाला टोपलीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"तू मार," साहेब शिपायाला म्हणाला.

"शिपायाचा नको," मी म्हणाले. "शिपायाचा हितं बसलाय." मी पदर मागं सारला आणि कपाळ दाखवलं. "तुमीच मारायला लावलावता. भर बाजारात. माझी बोटं तुमच्या बोटास्नी लागली म्हून. आता आटवलं का, नापास का म्हनत्यात ते?"

त्याला आठवलं. मी त्याच्या तोंडावर ते येताना बघितलं. त्याची नजर आधी माझ्या कपाळावर गेली आणि मग स्वतःच्या बोटांवर.

बटलरला आमच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. त्याला उशीर होत होता. "पूना में तो साब खुद हाथ से देखता है," तो वैतागून म्हणाला. "कलेजी काट के देखता है. इधर क्या तमाशा है? मैं जाके डाक्टरसाब को बोलूँ?"

साहेब उभा. एका बाजूला नोकरी, एका बाजूला सोवळं. मधे दहा हात. मला घाई नव्हती. मी एवढी वर्षं थांबले होते.

तो आला. एक एक पाऊल टाकत आला. जवळून तो म्हातारा दिसत होता. दया यावी असा. मला दया आली नाही. मी आकड्यावरून काळीज काढलं, ताजं, अजून गरम. त्यानं काठी पुढं केली.

"काठीनं न्हाई. हात."

त्यानं हात पुढं केला. त्याच हातावर मी काळीज ठेवलं. अलगद, उजव्या हातानं, मास्तरांनी शिकवलं होतं तसं. माझी बोटं त्याच्या बोटांना लागली. मी ती लगेच काढून घेतली नाही.

रक्त त्याच्या मनगटावरून बाहीत उतरलं. त्याचे डोळे मिटलेले.

"डोळं उगडा सायेब. तपासनी चाललीया."

त्यानं उघडले. बोटांनी दाबलं. पुन्हा दाबलं.

"पास का नापास?"

"पास," तो पुटपुटला.

"मोट्यानं. बाजाराला ऐकू येऊ द्या."

"पास."

मग त्यानं शिक्का उचलला. सवय नव्हती म्हणून गादीवर दाबताना शाई बोटांना लागली. पहिल्या बकऱ्याला मारला, दुसऱ्याला मारला. बटलरनं माल मोटारीत टाकला आणि गेला. साहेब दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभा राहिला. एकावर रक्त, एकावर शाई.

आई तिथंच मागं बसलेली होती. थकली होती आता, डोळ्यांनी कमी दिसायचं. ती लगबगीनं उठली आणि तांब्या घेऊन आली. "हात धुवा सायेब," म्हणाली. तिच्या आवाजात तीच जुनी ओशाळी हसरी विनवणी. साहेबानं तांब्याकडं बघितलं. आमच्या घरचं पाणी. त्या पाण्यानं हात धुतले तर विटाळावर विटाळ. तो ते घेऊ शकत नव्हता आणि तसाच जाऊही शकत नव्हता. मी आईच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि पाणी ठोकळ्यावर ओतलं. ठोकळा धुवायचाच होता.

तो तसाच नदीकडं चालत गेला. हात पुढं धरून, भर बाजारातून. माणसं बाजूला सरून वाट देत होती.

कुणी हसलं नाही.

हे मला आजही सलतं. लहान पोरीवर हसलेला तो अख्खा बाजार त्या म्हाताऱ्यावर हसला नाही. माना खाली घातल्या. कुणी हळहळलं. एकजण तर मला ऐकू येईल असं म्हणाला, "लई झालं, म्हातारं मानूस हाय." मी त्या माणसाकडं बघितलं आणि मी एकटीच हसले. मोठ्यानं. पोट दुखेपर्यंत. मला आनंद झाला होता आणि तो मी लपवणार नव्हते. शाई चार दिवस जात नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत? राखेनं घासेल, रॉकेलनं घासेल. जेवताना बोटं दिसतील. पूजेला बसेल तेव्हा दिसतील. घासू दे.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो बकऱ्यांना पाला घालत होता. सगळं ऐकून म्हणाला, "आता झालं?"

"न्हाई," मी म्हणाले.

झालं नव्हतंच. थोड्या दिवसांनी कचेरीतून नवी रीत आली. साहेब लांबूनच बघणार, शिक्का शिपाई मारणार. ओळीनं मान्य केलं. रहीमचाचा मला म्हणाले, "बेटी, आता म्हातारा झालो मी." मी त्यांना दोष दिला नाही. एक दिवस तरी ते उभे राहिले होते. मी मात्र शिपायाला ठोकळ्याला हात लावू दिला नाही. तर माझा माल बिनशिक्क्याचा म्हणून नापास. फिनेल ओतलं. पुढच्या बाजारी पुन्हा ओतलं. मग मी आणि नवरा टोपल्या डोक्यावर घेऊन उत्रोलीला, भोंगवलीला, वाड्यावस्त्यांवर जाऊन विकायला लागलो. तिथं शिक्का लागत नव्हता. पायपीट झाली, पण चूल पेटली.

बाजारच्या दिवशी मात्र मी भोरला माझ्या जागेवर असायचेच. विकायला काही नसायचं. ठोकळा धुऊन त्यावर फक्त एक काळीज ठेवायचे. गिऱ्हाईक विचारायचं, केवढ्याला? मी म्हणायचे, विकायचं नाही. साहेबासाठी आहे. साहेबाला हे सांगायची गरज नव्हती. त्याला माझा ठोकळा कोपऱ्यावरूनच दिसायचा. त्यानं वाट बदलली, मागच्या गल्लीनं ओळीत शिरायला लागला. मी आणि नवऱ्यानं ठोकळा उचलून मागच्या गल्लीच्या तोंडाशी नेला. तो नदीकडून यायला लागला. आम्ही नदीकडं नेला. लोक म्हणायचे, बाई येडी झाली. आई म्हणायची, "सोड आता. पाप लागंल." मी म्हणायचे, लागू दे. संध्याकाळी ते काळीज कुत्र्याला घालायचे आणि घरी जायचे.

शेवटी तो नोकरी सोडून लेकाकडं निघून गेला. कुठं गेला मी विचारलं नाही. शेवटपर्यंत त्यानं मला चूक झाली असं म्हटलं नाही. मला ते नकोच होतं. त्याच्या बोटांना आठवण राहिली, तेवढं पुरे.

मग स्वराज्य आलं. थोड्या दिवसांनी संस्थानही गेलं. बाजारात पेढे वाटले. ज्यानं मला त्या दिवशी, लई झालं, म्हणून सुनावलं होतं, तोच पेढा घेऊन आला. "आता समदे सारके," म्हणाला. "मागलं इसरून जा." मी पेढा घेतला आणि खाल्ला. गोड होता. विसरले नाही. माझ्या कपाळावर शिक्का पडला त्या सकाळी हसलेल्यांची तोंडं मला अजून ओळीनं पाठ आहेत. त्यातली काही म्हातारी झाली, काही मेली. जी आहेत त्यांना मी माझ्या कपाळावर पदर घेऊन कधी भेटत नाही. उघडं ठेवते. बघू दे.

परवा नवा साहेब आला. नव्या सरकारचा. तरुण, पायात बूट, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं गोड. सगळ्यांना "मंडळी" म्हणाला. शिपाईही नवा. मी त्या दिवशी मुद्दाम माल आणला होता. दोन बकरी आकड्याला टांगलेली, काळीज ठोकळ्यावर. साहेब आला. चालत चालत आला आणि थांबला. जिथं जुना थांबायचा, बरोबर तिथं. कुणी दाखवलं नव्हतं त्याला. वारा कुठून येतो ते त्याच्या नाकाला आपोआप कळलं. त्यानं खिशातून रुमाल काढला.

"काय ताई," तो तिथूनच गोड हसत म्हणाला, "माल ताजा आहे ना? मग पासच. शिक्का मारून घ्या."

शिपायानं शिक्का माझ्या ठोकळ्यावर टाकला. नवा कोरा होता.

मी हात पदराला पुसले. मागं बांधले.

"जवळ या," मी म्हणाले.